बुडणाऱ्या पुलांचा मुलूख

बल्लारपूर ते राजुरा किती लांब, असं विचारलं तर इथला जाणता माणूस आधी महिना विचारतो. फेब्रुवारीत बल्लारपुरात चहा घेऊन निघालं तर त्याची चव तोंडात असेपर्यंत राजुरा येतं. जुलै-ऑगस्टात वर्धा नदी पुलावरून वाहू लागली, की तेच राजुरा भोयेगाव-गडचांदूरकडून मोठा वळसा घालून गाठावं लागतं. भोयेगावचा पूलही पाण्याखाली गेला असेल, तर पाणी उतरेपर्यंत हात चोळत बसायचं. सिमेंटचे ट्रक दोन्ही काठांना रांगा लावून उभे राहतात, कॉलेजची पोरं घरी थांबतात आणि दवाखान्याची तारीख आपोआप पुढे जाते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे पूल बघायला म्हणून कुणी जात नाही. लोक ताडोब्याला वाघ बघायला जातात, मार्कंड्याला देव बघायला जातात, हेमलकशाला आमट्यांचं काम बघायला जातात. मी मात्र या वेळी नदीच्या घाटांवर आणि पुलांवर रेंगाळत हिंडलो, ते एका कुतूहलापोटी.

जगात ठिकठिकाणी छप्पर असलेले लाकडी पूल आहेत. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांच्या मधून कनेक्टिकट नदी वाहते. तिच्यावरचा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ सालचा, सुमारे १३७ मीटर लांब, आणि अजून वापरात. कॅनडात हार्टलंड गावी ३९१ मीटरचा, या जातीतला सर्वांत लांब पूल आहे. तो १९०१ साली खुला झाला तेव्हा बोडकाच होता, छप्पर वीसेक वर्षांनी चढलं. व्हिएतनाममध्ये होई आन गावात जपानी व्यापाऱ्यांची वस्ती आणि चिनी वस्ती यांना जोडणारा कौलारू पूल आहे, त्याच्या पोटात चक्क एक देऊळ आहे. ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ हा चित्रपट ज्यांनी पाहिलाय त्यांना असा पूल वेगळा सांगायला नको.

हे छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून घातलं असावं असं वाटतं. खरं तर ते लाकडासाठी असतं. उघड्या लाकडी पुलाच्या सांध्यांत पाणी मुरतं आणि वीसेक वर्षांत तुळया कुजू लागतात. तेच लाकूड झाकलं, कोरडं राहिलं, तर शंभर-दीडशे वर्षं टिकतं. म्हणजे हार्टलंडसारख्या लांबलचक पुलावर छप्पर चढवणं हा हौसेचा नाही, हिशेबाचा मामला.

आता आमचा प्रश्न. ज्या मुलखाचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून वाजतगाजत रवाना झालं, ज्या गडचिरोलीचा पाऊण भाग आजही जंगल आहे, तिथे अशा पुलाचं एकही उदाहरण का नसावं? लाकूड हाताशी, सुतार हाताशी, नद्या तर जागोजाग. तरीही पूल नाही, आणि पुढे सिमेंट आलं तेव्हा झाले ते पाण्याखाली जाणारे.

म्हणून सुरुवात राजुऱ्यापासून.

बल्लारपूरचा किल्ला वर्धेच्या काठाला अगदी खेटून आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने आपली राजधानी सिरपूरहून इथे आणली आणि पुढे चंद्रपूर वसवलं, असं परंपरा सांगते. सिरपूर नदीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात. म्हणजे गोंड राजांच्या लेखी वर्धा ही हद्द नव्हतीच, राज्याच्या मधून जाणारं पाणी होतं. चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, नंतर भोसल्यांचं इंग्रजांकडे आलं, पलीकडे निजाम राहिला, आणि नदीच्या मधोमध दोन सरकारांची रेघ पडली.

राजुऱ्यात बसस्टँडजवळच्या टपरीवर एक वयस्क गृहस्थ भेटले. पुलाचं विचारलं तर त्यांनी गोष्ट पैशांपासून काढली. “आमच्या आजाच्या कमरेले दोन कसे राहत जी. एकात हाली, एकात कलदार. बाजार इकडं केला त हाली, बल्लारशाले गेला त कलदार.” हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. ढोबळ हिशेबाने सात हाली द्यायचे तेव्हा सहा कलदार मिळायचे. शिवाय निजामाचं स्वतःचं टपालखातं होतं आणि हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकातीचं नाकं. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी, तेलुगू नाहीतर गोंडी. अशा हद्दीवर पक्का पूल बांधायची घाई कुणाला असणार? दोन्ही सरकारांना नदी ही आयती भिंत होती. रेल्वेचं गणित निराळं. तिला राजुऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिला दिल्ली-मद्रास जोडायचं होतं. काझीपेठ ते बल्लारशाह, म्हणजे आपलं बल्लारपूर, हा दुवा १९२९ साली पुरा झाला आणि ग्रँड ट्रंक एक्सप्रेस वर्धा नदी ओलांडून धावू लागली. गाडीतून जाणाऱ्यांना खाली हद्द आहे याचा पत्ताही लागत नसेल.

खरी गंमत पुढची आहे. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्राकडे गेला, पण त्यातला राजुरा तालुका मराठी म्हणून मुंबई राज्यात आला आणि जोडला गेला नांदेड जिल्ह्याला. नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर चांदा असताना राजुऱ्याचा जिल्हा दोनशे किलोमीटरहून लांब, आणि तिथे जायचं तेही परराज्यातून. १९५९ साली ही चूक दुरुस्त झाली आणि राजुरा चांद्यात आलं. चांद्याचं चंद्रपूर त्यानंतर, १९६४च्या सुमारास झालं. राजुऱ्यातूनच पुढे वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही आजवर हक्क सांगत आले आहेत. तिथल्या माणसांकडे दोन्हीकडची ओळखपत्रं असतात आणि ती दोन्हीकडे मतदानही करतात. जुन्या हद्दीचा हा उरलासुरला गुंता.

वर्धेवरचा रस्त्याचा पूल बुटका आहे. उन्हाळ्यात त्यावर उभं राहिलं तर खाली वाळू, गोटे, मधे एक निळसर धार, कडेला धुणं आणि टरबुजाच्या वाड्या. हा पूल बुडू शकेल यावर विश्वास बसत नाही. पण तो बुडावा म्हणूनच तसा बांधलाय, हे समजून घेतल्याशिवाय या मुलखातला एकही पूल कळत नाही.

बांधकाम खात्याच्या भाषेत हा पाण्याखाली जाणारा पूल. त्याची उंची मुद्दाम कमी ठेवतात. नेहमीचं पाणी खालून जातं, मोठा पूर आला की वरून. खांब आखूड, दोन्ही बाजूंचे भराव आखूड, त्यामुळे उंच पुलाच्या मानाने खर्च बराच कमी. पण वरून पाणी जाणार म्हटल्यावर त्याला वेगळी जपणूक लागते. पाणी फळीला खालून उचलतं, म्हणून ती खांबांशी घट्ट जखडावी लागते. कडा बोथट ठेवाव्या लागतात. आणि कठडे काढता-घालता येतील असे लोखंडी नळ्यांचे असावे लागतात, कारण पुरात वाहून येणारी झाडंझुडपं कठड्यात अडकली तर पुलाचं धरण होतं आणि पाण्याच्या रेट्याने पूलच जातो. पावसाळ्याच्या तोंडावर कठडे काढून ठेवायचे, दिवाळीच्या आसपास परत लावायचे. छपराचा पूल पाण्यापासून अंग झाकून घेतो. हा वादळातल्या लव्हाळ्यासारखा अंगावरून पूर जाऊ देतो आणि पाणी उतरलं की पुन्हा कामाला लागतो.

छपराचा पूल इथे का झाला नाही, त्याचं निम्मं उत्तर यात आलं. असा पूल अरुंद, खडकाळ काठांच्या नदीला मानवतो, जिथे एका दमात किंवा थोड्या खांबांवर पलीकडे जाता येतं आणि पूर कितीही आला तरी तुळईला टेकत नाही. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी या वाळूच्या नद्या, पावसाळ्यात नजर ठरणार नाही एवढ्या रुंद होणाऱ्या. वरून अख्खी झाडं वाहत येणार. त्यांच्या वाटेत लाकडाचं घर बांधून ठेवलं तर पहिल्याच श्रावणात ते खाली आंध्राच्या किनाऱ्याला लागेल. शिवाय वाळवी, जिला इथे उधई म्हणतात, तिचा विचार वेगळाच. उरलेलं निम्मं उत्तर मात्र अभियांत्रिकीचं नाही. ते पुढे आलापल्लीत मिळालं.

राजुऱ्याहून उलटं फिरून मूल-सावलीमार्गे गडचिरोलीकडे निघालं, की व्याहाडजवळ वैनगंगा आडवी येते. इथला पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा काढला. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा भंडाऱ्याहून खाली येते, आणि तिच्या पुराची चावी आता बऱ्याच अंशी पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाकडे आहे. आकाशात ढग नसताना पाणी वाढलं, की लोक ‘गोसी सोडला’ म्हणून मोकळे होतात.

चामोर्शीच्या अलीकडे मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थ. शिवमंदिरांच्या कोरीव कामावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातली माणसं नदीतूनच येत, एवढं मात्र सांगायला हवं. त्या दिवसांत पाणी उतरलेलं असतं. कुठे गुडघाभर पाण्यातून, कुठे डोंग्यातून माणसं पार होतात. नदी दोन जिल्ह्यांची सीमा आहे हे नकाशा सांगतो. काठावरच्या गावांत विचारलं तर प्रत्येक घराची एकतरी लेक पलीकडे दिलेली असते किंवा पलीकडची आणलेली असते.

हा डोंगा ढिवरांचा, म्हणजे नदीवर मासे धरणाऱ्यांचा. पूर्वी झाडाचं एकसंध खोड कोरून करत, आता फळ्यांचेही असतात. ओंडक्याचा डोंगा डुलतो फार, म्हणून दोन डोंगे शेजारी बांधून त्यावर सायकल, बकऱ्या, धानाची पोती असं सगळं लादतात. या मुलखाचा खरा लाकडी पूल हाच म्हणायचा, फक्त तो एका जागी थांबत नाही. त्याचं कौतुक करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जानेवारी २०२४मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. मधल्या धारेत डोंगा उलटला आणि त्यांतल्या काही जणींचा जीव गेला. पूर नव्हता, वादळ नव्हतं, हिवाळ्यातली शांत नदी होती. रस्त्याने गेलं तर वळसा एवढा पडतो की जाण्यायेण्यातच मजुरी संपावी, म्हणून माणसं डोंग्यात बसतात. पूल कुठे हवा याचा सर्व्हे करायचा असेल, तर हंगामात पहाटे कुठल्या घाटावर मजुरांची गर्दी होते एवढं पाहिलं तरी पुरे. माझ्या मते त्याहून चांगला नकाशा कुठल्याच कचेरीत नसेल.

आष्टीजवळ पुन्हा वैनगंगा, आणि तिथून थोडं खाली चपराळ्याच्या अभयारण्याजवळ वर्धा तिला येऊन मिळते. राजुऱ्याला सोडलेली वर्धा आणि व्याहाडला ओलांडलेली वैनगंगा इथे एक होतात आणि पुढे नाव बदलून प्राणहिता वाहते. जेमतेम ११३ किलोमीटरची नदी, पण मध्य भारताच्या केवढ्या मोठ्या भागाचं पाणी तिच्या पोटात असतं. डावा काठ महाराष्ट्र, उजवा तेलंगण.

आलापल्लीला सागवान बघायचं. भामरागडच्या वाटेवर ‘वनवैभव’ म्हणून राखलेला काही हेक्टरांचा तुकडा आहे. २०१४ साली महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून तो जाहीर झाला. दोघातिघांनी हात धरले तरी कवेत न येणारी झाडं तिथे सरळसोट वर गेली आहेत. या झाडाखाली उभं राहिलं, की पुलाचा प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि उत्तरही. हे लाकूड नदीवर आडवं कधी पडलं नाही, ते नदीत सोडलं गेलं. अहेरी-सिरोंच्याच्या जंगलातले ओंडके एकत्र बांधून त्यांचे तराफे प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट राजमहेंद्रीपर्यंत वाहत नेले जात. या सागाची घरं आणि जहाजं झाली, ती समुद्राकाठी. जंगलाच्या मालकांना हवा होता तो खाली जाणारा रस्ता. पलीकडे जाणारा रस्ता हवा होता जंगलात राहणाऱ्यांना, आणि त्यांचं म्हणणं विचारात घ्यायची रीत नव्हती.

इंग्रजांनी तर याच विचाराची परिसीमा केली. १८६०मध्ये निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके त्यांनी घेतले, अपर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं झालं. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कालव्यांचं जाळं उभारणारे सर आर्थर कॉटन यांचं स्वप्न होतं की या नदीतून बोटी चालवायच्या आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्व किनाऱ्याला न्यायचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, त्यामुळे या कल्पनेला जोर आला. हेग नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. बोटींच्या वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत, अहेरीजवळच्या देवलमरीला. कालवे खोदून, बंधारे घालून हे अडसर टाळायचे होते. पण १८६७मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला पश्चिमेची वाट मिळाली. १८७१मध्ये काम थांबलं. काही वर्षांत अपर गोदावरी जिल्हाही मोडला गेला आणि सिरोंच्याचा भाग चांद्यात आला. देवलमरीला आज शेतं आहेत, नदी आहे, खडक आहेत. इथून एकेकाळी मँचेस्टरला कापूस जायचा बेत होता, असं तिथल्या एका गुराख्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “कापूस तर आताही जाते ना साहेब, ट्रकमधी.”

अहेरीजवळ वांगेपल्लीला प्राणहितेवर आता पूल झाला आहे, पलीकडे तेलंगणातलं गुडेम. पूर्वी इथे नाव चाले आणि उन्हाळ्यात वाळूतून पायवाट. पलीकडच्या काठावर माणसं तीच, देव तेच, सोयरे तेच. आता मोटारसायकलवर भाजीची टोपली बांधून लोक सकाळी जातात, दुपारी परततात. पुलावर सेल्फी काढणारी पोरं दोन भाषांत भांडत होती.

आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. पेरमिली, ताडगाव, मधे नाल्यांमागून नाले. आतल्या गावांचे माडिया लोक पावसाळ्याआधी अशा नाल्यांवर बांबू आणि बल्ल्यांचा साकव स्वतःच बांधतात. दोन्ही काठांच्या झाडांना आधार, मधे वेलांनी किंवा तारेने आवळलेले बांबू, धरायला एक आडवा बांबू. त्याचं आयुष्य एका पावसाळ्याचं. पुढच्या वर्षी नवा. लाकूड टिकवायला छप्पर घालायचं की दरवर्षी ताजं लाकूड घालायचं, या दोन पद्धतींत मला दुसरी कमी शहाणपणाची वाटत नाही, जोवर बांबू दारात आहे आणि गावाची माणसं एकत्र येतात.

हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प लागतो. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी तो सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी तिथे आयुष्य घातलं. प्रकल्पाच्या दवाखान्यात छत्तीसगडच्या गावांतूनही रुग्ण येतात, कित्येकदा खाटेवर घालून आणलेले. तिथून तीनेक किलोमीटरवर भामरागड, आणि गावाच्या तोंडाशीच पर्लकोटा नदी. तिच्यावरचा ठेंगणा पूल हा गडचिरोलीतला सर्वांत प्रसिद्ध पूल असावा. दर पावसाळ्यात तो बातमीत येतो: पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला.

इथे पूर येतो त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. गावाजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्यांचा संगम. तिघींत थोरली इंद्रावती. ती ओडिशात कालाहंडीला उगवते आणि बस्तरचं पाणी गोळा करत येते. तिकडे धो धो पाऊस झाला की ती फुगते, आणि धाकट्या दोघींचं पाणी तिच्यात शिरेनासं होतं. मग ते मागे सरकतं आणि वर चढत जातं. त्यामुळे भामरागडात ऊन पडलेलं असतानाही पूल बुडू शकतो. हे पाणी खळाळत येत नाही. बाजारातला एक दुकानदार म्हणाला, “आवाज नाही करत जी ते. रात्री पायरी दिसते, सकाळी पायरी नाही. मंग माल वर चढवा लागते.” त्याच्या दुकानात फळ्या छातीच्या उंचीपासून सुरू होतात. खालच्या जागेत रिकामे डबे आणि प्लास्टिकच्या बादल्या, म्हणजे भिजलं तरी नुकसान नाही असंच. एवढी तयारी पाहिल्यावर पुराची बातमी वाचताना वाटणारी कीव निघून जाते, पण बाळंतपण अडलेल्या बाईला या तयारीचा काय उपयोग, हाही प्रश्न येतोच. पाण्याखाली जाणारा पूल स्वस्त आणि शहाणा खरा, पण पर्यायी वाट असेल तिथे. भामरागडला पर्लकोटेचा पूल बुडाला की तालुक्याचं गावच बेट होतं. शेजारी उंच पुलाचं काम हाती घेतलं गेलं, ते फार आधी व्हायला हवं होतं.

सिरोंच्याची गोष्ट उलटी. आलापल्लीहून दक्षिणेला शंभर किलोमीटर जंगल तुडवत गेलं की महाराष्ट्र संपतो. गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरहून लांब, तर जवळचं रेल्वे स्टेशन तेलंगणातलं मंचेरियाल. गावात दुकानांच्या पाट्या मराठी, बोलणं तेलुगू. बस थांबते तिथे इडली-वडा सांबार आणि आलुबोंडा एकाच कढईशेजारी. वर्षानुवर्षं हे गाव पावसाळ्यात तीन नद्यांमध्ये कोंडलेलं असायचं. एका बाजूला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. गेल्या काही वर्षांत तिन्ही नद्यांवर पूल झाले. गोदावरीवरचा कालेश्वरमला नेतो, प्राणहितेवरचा चेन्नूर-मंचेरियालला, आणि पातागुडमजवळचा इंद्रावतीवरचा छत्तीसगडात भोपालपट्टणमला. हे तिन्ही उंच, पुराला न जुमानणारे. म्हणजे राज्याराज्यांना जोडणारे महामार्गाचे पूल आधी उंच झाले आणि एका तालुक्याच्या गावाला त्याच्याच जिल्ह्याशी जोडणारा पूल बुडत राहिला. कुठल्या वाहतुकीला आपण वाहतूक मानतो, ते यावरून कळतं.

गोदावरीच्या पुलावर मी संध्याकाळचा बराच वेळ काढला. एसटी, तेलंगणाची बस, मिरचीचे टेंपो, आणि एका रिक्षात नवरी-नवरदेव. पूल व्हायच्या आधीही या दोन काठांत लग्नं होत. वऱ्हाड नावेतून जायचं, वाजंत्री वेगळ्या नावेत. एका आजींनी सांगितलं की त्यांच्या लग्नात वाजंत्र्यांची नाव वाळूत रुतली आणि अक्षता वाजंत्रीविनाच पडल्या. “आता दहा मिनिटांत माहेर,” त्या तेलुगू हेलात म्हणाल्या, “म्हणून सून रुसली की लगेच पूल चढते.”

पलीकडे कालेश्वर-मुक्तेश्वराचं देऊळ. एकाच पीठावर दोन शिवलिंगं, एक यमाचं आणि एक शिवाचं मानतात. प्राणहिता गोदावरीला मिळते ती इथेच. बारा वर्षांनी येणारा प्राणहिता पुष्कर एप्रिल २०२२मध्ये झाला, तेव्हा सिरोंच्याच्या घाटावर आणि कालेश्वरमला दोन्हीकडे लाखाची गर्दी लोटली होती.

संगमाच्या खालच्या अंगाला मेडिगड्डा बंधारा आहे, तेलंगणाच्या कालेश्वरम उपसा सिंचन योजनेचं तोंड. दोन राज्यांत २०१६ साली करार झाला आणि २१ जून २०१९ला उद्घाटन. ८५ दरवाजे, दीड किलोमीटरहून जास्त लांबी, डावं टोक सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीला. बंधाऱ्यावरून रस्ताही जातो, म्हणजे हाही एक पूलच. फरक असा की हा खालचं पाणी अडवतो. फुगलेल्या पाण्याने सिरोंच्याच्या काठची शेतं बुडाली, खरवडली गेली. भरपाईसाठी शेतकऱ्यांनी उपोषणं केली. मग ऑक्टोबर २०२३मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले, वरची वाहतूक बंद झाली आणि पाणी सोडून द्यावं लागलं. वाळूच्या नदीत पाया किती खोल न्यावा, याची चर्चा तेव्हा दोन्ही राज्यांत झाली. सिरोंच्यात त्या दिवसांत नदी पुन्हा पूर्वीसारखी उतरली आणि लोक वाळूत हिंडू लागले, असं एका नावाड्याने सांगितलं. त्याचा धंदा पुलाने गेला. आता तो मासे धरतो आणि सुटीच्या दिवशी यात्रेकरूंना संगमात फिरवून आणतो. पुलावर त्याचा राग आहे का, विचारलं. “माह्या पोरीचा दवाखाना पलीकडे हाये साहेब,” तो म्हणाला आणि वल्हं उचललं.

या वाटेने जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. रेल्वेने बल्लारशाहला उतरावं, राजुऱ्याची फेरी करून गडचिरोलीमार्गे आलापल्लीला मुक्काम करावा आणि तिथून भामरागड आणि सिरोंचा अशा दोन वेगळ्या चकरा कराव्यात, कारण मधून जोडणारा सरळ रस्ता सोयीचा नाही. सिरोंच्याहून सोमनूरला, म्हणजे इंद्रावती गोदावरीला मिळते तिथे, जरूर जावं. खडकांतून आलेलं पाणी तिथे एकदम पसरतं. आतल्या रस्त्यांवर पेट्रोल आणि मोबाईलची रेंज या दोन्ही गोष्टी गृहीत धरू नयेत, पोलिस नाक्यावर नाव-गाव विचारलं तर शांतपणे सांगावं. पावसाळ्यातच जायची हौस असेल तर निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची त्या दिवशीच्या बंद मार्गांची यादी पाहावी. पूर आला की ती रोज निघते, आणि वर्षानुवर्षं पर्लकोटेचं नाव तिच्यात आघाडीला राहिलं आहे.